झाकणाचा श्वास

गजाकाका, बायच्या पेट्रोल टाकीच्या झाकणाला जे बारीक भोक होतं ना, ते मी बुजवलं होतं. लाखेने. घरी, मेणबत्तीवर पळी धरून, नीट बसून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. तुम्हालाही माझ्या तोंडाने कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलं होतं, ही गोष्ट वेगळी. तुम्हाला कळलंय ना, मग झालं, असं म्हणत मी दोन वर्षं गप्प बसून काढली.

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे बरेच भेटले. मी बोललो नाही. माझ्या तोंडून तुमचं कौतुक आलं असतं तर तुम्हीच कुठून तरी म्हणाला असतात, "मधू, कधी आवाज बदललास रे?" इंजिनाचा आवाज जरा बदलला की तुम्ही पान खाता खाता थांबायचात. माणसांचंही तसंच होतं तुमचं.

हे वाचणाऱ्याला बाय कोण ते ठाऊक नसणार. बाय म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची गाडी. अण्णा पोफळीच्या पॉवरहाउसला होते तेव्हा प्रकल्पावरचा एक परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना ती त्यांच्या गळ्यात घालून गेला. सायीसारखा रंग, मोठाले गोल दिवे, आणि सकाळी चालू व्हायला लाडीगोडी लागायची, म्हणून 'बाय'. नाव तुम्हीच ठेवलंत. तुम्ही तेव्हा मांडवीहून जाऊन तिथल्या वर्कशॉपला लागलेले, मिसरूड फुटलेलं. पुढे अण्णांनी रत्नागिरीत घर बांधलं, तुम्हीही मांडवीला परतलात आणि मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागलात. पण बायला हात तुमचाच लागायचा. दुसऱ्या कुणी बॉनेट उघडलं तर अण्णा असे उभे राहायचे, जसं काही घरात कुणाला डॉक्टर तपासतोय.

दसऱ्याला आमच्या अंगणात बायची पूजा व्हायची तेव्हा तुमच्या पान्यांची गुंडाळीही तिच्या पुढ्यात उलगडून ठेवायची, हा आईचा नेम. आधी पान्यांना हळदकुंकू, मग गाडीला. नारळ तुम्ही फोडायचात. अण्णांनी एकदाही फोडला नाही. "ज्याच्या हातावर चालते त्याने फोडावा," म्हणायचे.

अण्णांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. टाकी रिकामी केलीत, बायला परसातल्या मांगरात, पत्र्याच्या खोपीत, ढकलून चार चिऱ्यांवर चढवलंत, चाकं मोकळी केलीत. "झोपू दे हिला," म्हणालात. ती अकरा वर्षं झोपली. दसऱ्याची पूजा मांगरातच होत राहिली.

तिला उठवलं आईने. एक्याऐंशी पूर्ण झाली त्या वर्षी एका सकाळी चहा घेताना म्हणाली, "एकदा पोफळीला जाऊन येऊ या. कॉलनीतली आपली खोली बघायची आहे. आणि जायचं तर बायमधून." मी म्हटलं, आई, भाड्याची चांगली गाडी करू, एसी असते. ती म्हणाली, "एसीत बसून काय बघायचं?" मी तुम्हाला फोन केला. तासाभरात तुम्ही फाटकात. शिमगा नुकताच झालेला, तुमच्या कानामागे गुलाल तसाच होता.

त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. तुम्ही टाकीचं झाकण काढलंत, शर्टाला पुसलंत, उलटं करून ओठांना लावलंत आणि आत फुंकर मारलीत. मग गालाजवळ धरून पाहिलंत. "श्वास हाय," म्हणालात आणि बाजूला ठेवलंत. मी तिथेच उभा होतो. झाकणाला कसला श्वास, असं मी विचारलं नाही. मला वाटलं, तुमचं असंच काहीतरी. झाकणाची जुनी चकती सडली होती, म्हणून तुम्ही बोटीच्या जाड रबराची नवी कापून बसवलीत. इतकी घट्ट की झाकण फिरवायला जोर लागायचा.

बाय आठव्या दिवशी बोलली. आईने देवापुढे साखर ठेवली. पण भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला गोळपचा चढ आला की वीसेक मिनिटांत इंजिन खोकायचं आणि मरायचं. पाव तास थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नव्हतं. तुम्ही प्लग बदललेत, पॉइंट घासलेत, कॉइलवर ओलं फडकं ठेवून पाहिलंत. शेवटी कंडेन्सर सापडला, अंगठ्याएवढी डबी. "गरम झाला की मरतो, थंड झाला की जिता होतो," तुम्ही मला तो दाखवत म्हणालात. "माणसांत पण असतात असले. तुझा विलास बघ." विलास म्हणजे माझा आतेभाऊ. तो तिथेच बसून वडा खात होता. तो म्हणाला, "काका, मी निदान चालू तरी होतो."

कंडेन्सर नवा बसला. तिथे ती दुरुस्ती संपली होती, गजाकाका. आज मला हे माहीत आहे. जो दोष शोधायचा होता तो तुम्ही शोधला होता आणि दूर केला होता. त्या दिवसापासून पुढचे सहा महिने तुम्ही जो शोधत राहिलात, तो दोष माझा होता.

कंडेन्सर बसला त्याच आठवड्यात पुण्याहून एक माणूस आला. जुन्या गाड्या जमवणारा. बायभोवती दोनदा फिरला, वाकून खाली पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पार्ट अस्सल आहेत ना? बघा हं. या गाड्यांचे पार्ट मालकाला न कळता बदलतात. मिस्त्रीच बदलतात." मी म्हटलं, आमचे गजाकाका घरचे आहेत. तो हसला. "घरचेच बदलतात. बाहेरच्याला हात कोण लावू देतो?"

जाताना फाटकाशी तो तुमच्याशी बोलत उभा राहिला. मी पडवीतून पाहिलं. तुम्ही काहीतरी म्हणालात, तो हसला, तुम्हीही हसलात आणि त्याच्या पाठीवर थाप मारलीत. काय बोललात ते मला आजही माहीत नाही. विचारता आलं असतं. पण संशय आला की मी विचारत नाही, लक्ष ठेवतो. कोषागारात अठ्ठावीस वर्षं काढली की माणूस असाच होतो, म्हणायला हरकत नाही. पण ते खरं नाही. तिथे माझ्या बाकाशेजारी बसणारे सगळे असे झाले नाहीत.

त्यानंतर तुमची प्रत्येक गोष्ट मला दुहेरी दिसू लागली. कार्बेटर साफ करायला फडक्यात बांधून घरी नेलात. इथे रॉकेल नाही का? काढलेले नटबोल्ट डालड्याच्या डब्याच्या झाकणात ठेवायचात आणि कुठला कुठे हे लिहून ठेवत नव्हतात. का नाही लिहीत? "लक्षात हाय," म्हणायचात. लक्षात ठेवणाऱ्या माणसाचा मला तेव्हा राग यायचा. कागद नसला की मला वाटतं, काहीतरी लपवलंय. त्यावरून आपलं एकदा वाजलंही. "तू लिही. मी दुरुस्त करतो," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, कुणीतरी लिहायला हवं. तुम्ही म्हणालात, "मग लिही ना मेल्या, कोणी धरलंय?" तो वाद तिथेच राहिला. आणि मी लिहिलं नाही. मी सील केलं.

कार्यालयात आम्ही कुलपांवर, पेट्यांवर, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर लाख ओततो. ठसा तुटला की कुणीतरी उघडलं. इतकं सोपं. मी लाखेची एक कांडी घरी आणली, जुन्या पळीत वितळवली आणि तुम्ही बोटीवर गेलात त्या दिवशी मांगरात जाऊन बायच्या एकेका भागावर थेंब टाकत फिरलो. कार्बेटरच्या बोल्टवर, डायनामोच्या पट्टीवर, डिस्ट्रिब्युटरच्या पकडीवर, भोंग्याच्या स्क्रूवर. मसूराएवढे लाल थेंब, नटाच्या कडेला असे की नट फिरला तर थेंब तडकेल.

झाकण राहिलं. टाकीजवळ गरम पळी न्यायची भीती वाटली, म्हणून झाकण काढून स्वयंपाकघरात आणलं. तेही बदलता येईल असं मला वाटलं. पितळी होतं, त्यावर नक्षी होती. बाहेरून थेंब टाकला तर दिसेल. आतून टाकावा. पण आत सगळं गुळगुळीत, लाख धरणार कुठे? मग ते भोक दिसलं. मला वाटलं, गंजून पडलंय. लाखेला पकड चांगली मिळेल म्हणून थेंब नेमका तिथे टाकला, आणि बसला की नाही हे काडीने दाबून पाहिलं. बसला होता. माझी सीलं कधी सुटत नाहीत.

पेट्रोल खाली जातं तशी त्या भोकातून टाकीत हवा शिरते, आणि हवा शिरली नाही तर पेट्रोल पुढे जात नाही, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्यासमोर फुंकर मारून पाहिलं होतं, तरी नव्हतं. तुमची रबराची नवी चकती इतकी घट्ट होती की बाजूने कणभर हवा जाण्याचीही सोय उरली नाही.

नंतर गोळपच्या चढावर बाय पुन्हा मेली. वीस मिनिटांनी, पूर्वीसारखीच.

तुमचा चेहरा आठवतो. तुम्ही कंडेन्सरकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. "असं होता कामा नये," म्हणालात. नेहमीप्रमाणे झाकण उघडून काठीने पेट्रोल मापलंत, पुन्हा लावलंत, हँडल मारलंत, आणि ती चालू झाली. तुम्हाला वाटलं, थंड झाली म्हणून. झाकण उघडल्यावर हवा आत गेली होती. दर वेळी तुम्हीच दोष घालवत होता आणि तुम्हालाच ते समजत नव्हतं, कारण झाकण तुमचं तपासून झालं होतं. एकदा स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर तुम्ही संशय घेत नव्हता. तो धंदा माझा.

पाऊसभर तुम्ही येत राहिलात. बोटी बंद होत्या, तुम्हाला वेळ होता. पत्र्यावर सरी वाजायच्या आणि तुम्ही बॉनेटखाली वाकून एकेक शक्यता खोडत असायचात. पेट्रोलचा पाइप फुंकलात, पंपाचा पडदा बदललात, टाकी उतरवून धुतलीत. एकदा डिस्ट्रिब्युटरवरचा लाल थेंब बोटाने चाचपलात.

"मधू, बायला गोवर आला काय रे?"

"रंग उडाला असेल कुठला तरी."

"सगळीकडे सारखा?" तुम्ही म्हणालात. मग थेंबावरून बोट उचललंत आणि पान लावायला बसलात. "गोवर असेल तर सात दिवसांत जातो. बघू."

पण तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत, आणि मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीने लावला. मनात खोट नसती तर विचारलं असतं, असं स्वतःला सांगितलं. काही दिवसांनी पाहिलं तर थेंब सगळे जिथल्या तिथे. मला हायसं वाटायला हवं होतं. मला वाटलं, थेंब टाकण्याआधीच बदललं असणार. पुण्याहून त्या माणसाचा दोनदा फोन येऊन गेला होता.

गणपती झाले, उघडीप मिळाली. आई म्हणाली, "आता नाही गेलो तर मी नाही जात कधी." तुम्ही म्हणालात, "वहिनी, थांबत थांबत नेतो. पोचवतो नक्की." पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर निघालो. स्टिअरिंग तुमच्या हातात, शेजारी मी, मागे आई आणि विलास. आईने पोफळीची जुनी नऊवारी काढली होती. हातखंब्यापर्यंत ती एकेक आठवण सांगत होती आणि तुम्ही मान न वळवता दुरुस्त करत होता. "ती पाटलीण नव्हे, वहिनी, ती शेजारची. पाटलीण भांडायची ती."

तिसऱ्यांदा बंद पडलो ते संगमेश्वरच्या पुढे, चढावर. ऊन चढलेलं. ट्रक अंगावरून जात होते. आईला आम्ही एका झाडाखाली छत्री देऊन बसवलं. विलासचं चालूच होतं, "बाय सासरी जायला नाही म्हणते!" तुम्ही बॉनेट उघडून नुसते उभे होता. हात लावत नव्हता. इतक्या वर्षांत तुम्हाला असं मी पाहिलं नव्हतं.

मग मी बोललो. आई ऐकते आहे हे माहीत असताना बोललो.

"काका, कार्बेटर अण्णांचाच आहे ना? की पुण्याला गेला?"

विलासचं हसू थांबलं. आईने छत्री जरा मागे केली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. फडक्याने हात पुसलेत, बोट नि बोट, आणि गाडीच्या मागे गेलात. पेट्रोल मापायला गेलात की माझ्यापासून लांब व्हायला, ठाऊक नाही. झाकण फिरवलंत. त्या वेळी ट्रक नव्हता म्हणून ऐकू आलं. फुस्स. टाकीने लांब श्वास घेतल्यासारखा आवाज.

तुम्ही थांबलात. झाकण उलटं केलंत. खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावलात.

मी तीन हातांवर होतो. लाल ठिपका मला तिथून दिसला. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत, आणि मला त्या क्षणी सगळं कळलं. भोक कशाचं, श्वास कसला, सहा महिने कुणामुळे. तुम्ही वाट पाहिलीत. फार नाही, दोन श्वास. मी बोलायला हवं होतं ते तेव्हा. मी रस्त्याकडे बघितलं.

तुम्ही आईकडे पाठ केलीत. लहान स्क्रू-ड्रायव्हरने तो थेंब उकरलात, शर्टाच्या खिशात टाकलात, झाकणात फुंकर मारलीत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "कचरा होता झाकणात. माझ्या नजरेतून सुटला."

"झाकणात?" विलास ओरडलाच. "काका, सहा महिने! आख्खं इंजिन सोललंत आणि झाकण?"

"होय रे बाबा. झाकण."

आई उठत म्हणाली, "वय झालं गजाननाचं." आणि छत्री मिटली. ती तुम्हाला कायम गजाभावजी म्हणायची. गजानन पहिल्यांदा म्हणाली.

त्यानंतर बाय पोफळीपर्यंत एकदाही थांबली नाही. कॉलनीत आईने खोली पाहिली, दाराला हात लावला, कुणा अनोळखी बाईशी दहा मिनिटं बोलली. तुम्ही गाडीजवळच राहिलात. ती तुमचीही कॉलनी होती. चल दाखवतो, असं तुम्ही मला म्हणाला असतात एरवी, कुठे अण्णा घसरले होते, कुठे तुम्ही दोघांनी चोरून फणस उतरवला होता. मला ते दाखवणारं आता कुणी नाही.

परतताना आई आणि विलास मागे झोपले. सावर्ड्याच्या आसपास तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता, हळू आवाजात विचारलंत, "मधू, लाख घरची की हापिसातली?"

"ऑफिसातली," मी म्हणालो.

"बरी हाय," तुम्ही म्हणालात. "पेट्रोलात इरगळली नाय."

बस. आपल्यात त्या विषयावर झालेलं बोलणं इतकंच. मी क्षमा मागेन म्हणून तुम्ही दार किलकिलं केलं होतं का? का मला बोचावं म्हणून बोललात? मी दोन वर्षं हे घोळवतोय. तुमच्या मोठेपणावरही मला संशय येतो, काका. कधी वाटतं, तुम्ही मला वाचवलंत. कधी वाटतं, तुम्ही मला मुद्दाम तसंच लटकत ठेवलंत, की बघू, हा स्वतः कधी उतरतो.

मग दसरा आला. तुम्ही नेहमीसारखे पांढरा शर्ट घालून, पान्यांची गुंडाळी काखेत धरून फाटकात उभे राहिलात. आईने पडवीतूनच सांगितलं, "विलासने केली पूजा. नारळही फोडला. प्रसाद घेऊन जा." प्रसादाचं ताट माझ्या हातात होतं. मी पायऱ्या उतरून तुमच्यापर्यंत आलो. तुम्ही तळहात पुढे केलात, खोबऱ्याचा तुकडा घेतलात, कपाळाला लावलात. "बरं वहिनी," म्हणालात आणि वळलात. काखेतली गुंडाळी तशीच बांधलेली. आईच्या मनात रस्त्यावरचं माझं वाक्य राहिलं होतं. कार्बेटर पुण्याला गेला का. त्याचं उत्तर तिला कुणी दिलंच नव्हतं. मला फक्त वळून एक वाक्य बोलायचं होतं. मी ताट घेऊन आत गेलो आणि ते नीट जागेवर ठेवलं.

विलासने ती गोष्ट गावभर केली. वाईट मनाने नाही; त्याला गोष्ट सांगायची हौस. जेटीवर तुम्हाला 'झाकण' म्हणू लागले. "काय झाकणकाका, आमच्या बोटीचं झाकण बघता काय?" तुम्ही हसून "आधी तुझं बघतो" म्हणायचात, असं ऐकलं. पण बोटवाले हळूहळू दुसऱ्याला बोलवायला लागले. समुद्रात बारा मैलांवर इंजिन बंद पडलं तर जिवाशी खेळ असतो. नजरेतून सुटतं असा बोभाटा झालेला मिस्त्री कोण घेईल? तुम्ही घरी बसलात. लोक म्हणाले, वय झालं. मीही म्हणालो.

सहाव्या दिवशी मांडवीला तुमच्या घरी भेटायला आलो. विलास बरोबर होता. बाहेरच्या बाकावर माणसं बसली होती, आणि तुमच्या आठवणी निघता निघता विलासने झाकणाची काढली. दोघं-तिघं हसले, दुःखाच्या घरात हसू येतं तसं, बरं वाटून. मीही ओठ हलवले. आत गेलो तर काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळं ऐकू आलं होतं त्यांना.

"मधू, त्या गाडीचं नक्की काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "मी यांना किती वेळा विचारलं. चाळीस वर्षांत असं कधी सुटलं नाही यांच्या हातून. तर म्हणायचे, मधू सांगेल."

मधू सांगेल.

"जुन्या गाडीचं असतं काकी असं," मी म्हणालो. चप्पल घातली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांगरात गेलो. का गेलो ते खरं सांगतो. अण्णांची जुनी वही गेल्या वर्षी आईच्या ट्रंकेत सापडली होती. तिच्यात कार्बेटरचा नंबर त्यांनी लिहून ठेवलाय. वर्षभर मी तो ताडून पाहिला नव्हता. आता पाहायचा होता. तुम्ही गेल्याच्या सातव्या दिवशी मी तुमची झडती घ्यायला गेलो, काका. नंबर जुळला नाही तर माझा भार हलका होणार होता. तशी आशा होती मला.

बॉनेट उघडलं. बोल्टवरचा लाल थेंब नखाने काढायला गेलो. लाख तडकून उडते, टिकलीसारखी. हा थेंब सोलला गेला, सालीसारखा, लवचीक. दुसरा तसाच. भोंग्याचा, डायनामोचा, सगळे. ती लाख नव्हतीच. बोटीच्या बुडाला लावतात तो तांबडा तेलरंग. पाऊसभर तुम्ही एकेक नट उघडत होता, माझी सीलं तुटत होती, आणि जाताना तुम्ही प्रत्येकावर पुन्हा थेंब ठेवून जात होता. मसूराएवढा, कडेला, माझ्यासारखाच.

गोवर कसला ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. माझा संशय तुम्ही दिवसेंदिवस आपल्या हाताने रंगवून परत ठेवलात, मला झोप लागावी म्हणून. एकच थेंब तुम्हाला दिसला नाही, कारण तो मी आत लपवला होता.

आणि मी काय केलं? क्षणभर, अगदी क्षणभर, मनात आलं, सीलं खोटी म्हणजे तुम्ही काहीही बदलू शकला असता. मोबाईलचा उजेड धरून, आईचा हातआरसा कार्बेटरखाली सरकवून मी नंबर वाचला. आरशात उलटा दिसत होता, म्हणून कागदावर उतरवून पुन्हा सुलटा केला. वहीशी ताडला.

जुळला. एकूण एक आकडा.

मग झाकण काढलं, ओठांना लावलं आणि फुंकलं. हवा पलीकडे गेली, गालाला लागली.

तुम्ही मला लहानपणी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायला शिकवलं होतं. "आधी कान लाव, मग हात," म्हणायचात. मी तुमच्याबाबतीत ते केलं नाही. पुण्याच्या एका परक्या माणसाचं तेवढं ऐकलं.

हे लिहून मी सुटत नाही, हे मला माहीत आहे. आईला आता मोतीबिंदूने वाचता येत नाही, काकी वाचत नाहीत, आणि विलास वाचेल तर पहिल्या ओळीनंतर मलाच फोन करेल. म्हणून काय राहिलंय ते इथे मांडून ठेवतो. झाकण तुम्ही पहिल्याच दिवशी तपासलं होतं, ते बंद मी केलं, आणि अण्णांचा कार्बेटर जागेवर आहे, हे मला मांडवीला काकींसमोर, आमच्या पडवीत आईसमोर आणि जेटीवर विलासला शेजारी उभं करून माझ्या तोंडाने सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी तुमचं देणं लागतो.